सर्वानुमते मंजूर

आमच्या संस्थेचं प्रोसिडिंग बुक मी पहिल्यांदा सलग वाचलं ते भाऊंची तेरवी आटोपल्यावर. भाऊ म्हणजे आमचे संस्थापक अध्यक्ष. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी शेतमजुरांच्या मुलींसाठी वसतिगृह काढलं, आजूबाजूच्या खेड्यांत बालवाड्या चालवल्या. मी चौदा वर्षं त्या संस्थेचा कोषाध्यक्ष. बुकात चौदा वर्षांच्या सभा होत्या, प्रत्येक सभेखाली माझी सही होती आणि जवळपास प्रत्येक पानावर तेच वाक्य होतं: ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ त्यातल्या बहुतेक सभा झालेल्याच नव्हत्या. ऑडिटचे दिवस आले की कार्यालयातला पोरगा बुक पिशवीत घालून गाडीवर माझ्या घरी यायचा. ओसरीवर बसून मी सह्या करायचो, तो चहा पिऊन पुढच्या सदस्याकडे जायचा. पेन त्याचाच असायचा. म्हणून वर्षभराच्या सगळ्या सभांवर सगळ्यांच्या सह्या एकाच शाईत आहेत.

भाऊ प्रामाणिक होते. एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. तरीसुद्धा त्यांच्या मागे आठ महिने कोणाचा पगार झाला नाही आणि दोन बालवाड्या बंद पडल्या त्या आजतागायत बंदच आहेत. कारण साधं होतं. बँकेनं नव्या सह्यांसाठी धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट एकचा उतारा मागितला, ज्यावर संस्थेच्या विश्वस्तांची नावं नोंदलेली असतात. उताऱ्यावर अजून स्थापनेच्या वेळचेच सात विश्वस्त होते. त्यातले तीन वारलेले, एक मुलाकडे पुण्याला कायमचे गेलेले. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, दाखल करायचा असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम 22 तेच सांगतं. आमच्या बुकात नव्या विश्वस्तांच्या निवडीचे ठराव होते, अर्ज मात्र एकदाही गेला नव्हता. ज्या खात्याचा मी चौदा वर्षं कोषाध्यक्ष म्हणवून घेतलं, त्याच्या कागदावर माझं नावच नव्हतं. मग मृत्यूचे दाखले, विलंब माफीचा अर्ज, जुन्या सभांच्या नोटिसा हे गोळा करता करता उन्हाळा गेला आणि पावसाळाही गेला. नोटिसा तर कधी निघाल्याच नव्हत्या. वसतिगृहाच्या अधीक्षक ताईंनी तेवढ्या काळात स्वतःच्या गळ्यातली पोत गहाण ठेवून किराणा भरला. हे त्यांनी आम्हाला सांगितलंसुद्धा नाही, सराफाकडून कळलं.

ग्रामीण भागातल्या संस्था बंद पडल्या की आपण देणग्या आटल्या म्हणतो, सरकारी अनुदान रखडलं म्हणतो. ते खरं असतं. पण मी जवळून पाहिलेल्या संस्थांमध्ये पैसा संपण्याच्या कितीतरी आधी एक गोष्ट संपलेली असते: मंडळात बसून प्रश्न विचारणारा माणूस. आणि हा माणूस आपोआप जात नाही, आपणच त्याला येऊ देत नाही.

सुरुवातच तशी होते. संस्था नोंदणीचा कायदा 1860 सालचा आहे आणि संस्था काढायला त्यात किमान सात माणसं लागतात. हे सात कसे जमतात ते विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी विचारून पाहा. संस्थापक, त्याची बायको, साळा, एक निवृत्त हेडमास्तर, एक माजी सरपंच, ओळखीचा वकील आणि सातवं नाव ज्याचा त्या दिवशी आधार कार्डाचा झेरॉक्स हाताशी होता त्याचं. मी यात कोणाला दोष देत नाही. ज्याला काम सुरू करायची तळमळ असते त्याला नोंदणी हा अडथळा वाटतो आणि अडथळा तो जवळच्या माणसांना घेऊनच ओलांडणार. दोष पुढचा आहे. नोंदणीसाठी जमवलेली माणसं वीस वर्षं तशीच राहतात. संस्था वाढते, दोन लाखांचा व्यवहार पन्नास लाखांवर जातो, पंधरा-वीस माणसांची चूल तिच्यावर पेटते, आणि मंडळ मात्र त्या पहिल्या दिवशीच्या झेरॉक्सवरच उभं असतं.

यात बिघडतं काय, हे समजायला एक तुलना करावी लागेल. ग्रामपंचायत चुकली तर मतदार आहे. सोसायटी किंवा सहकारी बँक चुकली तर भागधारक आहे. तो आमसभेत उभा राहून ओरडू शकतो, पाच वर्षांनी संचालक बदलू शकतो. कंपनीत पैसे गुंतवणारा आपले पैसे काढून घेऊ शकतो. आमच्या वसतिगृहातल्या मुलीला यातलं काय आहे? तिला मत नाही, शेअर नाही, आणि जेवण निकृष्ट आहे म्हणून दुसरीकडे जायची सोय नाही. देणगी देणारा मुंबईत बसतो, त्याला फोटो दिसतात. म्हणजे ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्या वतीनं विचारणारं दुसरं कोणी शिल्लकच राहत नाही, विश्वस्त मंडळ सोडून. मंडळ गप्प बसलं तर ती मुलगी अगदी एकटी पडते. विश्वस्त या शब्दात विश्वास आहे खरा, पण तो संस्थापकानं आपल्यावर टाकलेला विश्वास असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो त्या मुलीच्या आईनं टाकलेला असतो.

‘भाऊले काय विचारता जी, भाऊ का खाणार हायेत काय?’ हे वाक्य मी आमच्याच एका सदस्याकडून ऐकलं आहे आणि त्या दिवशी मान हलवली आहे. स्वच्छ माणसाला हिशेब विचारणं म्हणजे त्याच्या स्वच्छतेवर शंका घेणं, ही आपल्याकडची समजूत फार खोल आहे. विदर्भाला तर ती शोभत नाही. 1936 साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, तेच आजचं सेवाग्राम. त्या माणसाचा हिशेबाचा काटा केवढा बारीक होता! 1929 साली त्यांनी ‘नवजीवन’मध्ये खुद्द कस्तुरबांबद्दल जाहीर लिहिलं, कारण त्यांनी भेट म्हणून मिळालेले चार रुपये आश्रमाच्या कचेरीत जमा केले नव्हते. पत्नीबद्दल असं चारचौघांत लिहिणं मला आजही कठोर वाटतं. पण त्यातला नियम बिनचूक आहे: सार्वजनिक पैशाला घरचं माणूस नसतं. सार्वजनिक संस्थेनं मोठ्या कायम ठेवींवर जगू नये, लोकांच्या वर्षा-वर्षाच्या मदतीवर जगावं, असंही त्यांचं मत होतं. ठेव असली की लोकांची गरज उरत नाही, आणि लोकांची गरज उरली नाही की त्यांना जाब द्यायचीही गरज उरत नाही. ठेवीच्या बाबतीत मी त्यांच्याइतका कडवा नाही. आठ महिने पगार थांबलेला मी पाहिला आहे, चार-सहा महिन्यांची गंगाजळी हवीच असं मी म्हणेन. पण जाबाचा मुद्दा मात्र मला पटतो.

प्रश्न असा आहे की गांधीजी स्वतःवरच पहारा ठेवू शकत होते. प्रत्येक तालुक्याला तसा माणूस कुठून आणायचा? मंडळ असतं ते त्यासाठीच. संस्थापक थोर असो की साधा, थकलेला असो की नुसता चुकलेला, संस्था सुखरूप राहावी म्हणून. आणि खरं सांगायचं तर मंडळाची सगळ्यात जास्त गरज प्रामाणिक संस्थापकालाच असते. अप्रामाणिक माणूस कागद चोख ठेवतो. प्रामाणिक माणूस कामाच्या धबडग्यात कागद सोडून देतो, आजारपण लपवतो, स्वतःच्या खिशातून भरतो आणि कोणालाच कळू देत नाही की आपण किती खोलात आहोत. भाऊंना दोन वर्षं धाप लागत होती. मंडळाची खरी सभा एकदा जरी झाली असती तर ‘भाऊ, तुमच्यानंतर सही कोणाची?’ हे कोणीतरी विचारलं असतं. एवढ्या एका प्रश्नानं ते आठ महिने वाचले असते.

आता दुसरी बाजू. नातेवाईक का घेता, असं विचारलं की संस्थापक एक उत्तर देतात आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. बाहेरची माणसं घेतली तर संस्था बळकावतील. आपल्या भागातल्या शिक्षण संस्थांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे: एका संस्थेला दोन अध्यक्ष, दोन शिक्के, एकमेकांविरुद्ध दोन बदल अर्ज, आणि निकाल लागेपर्यंत शिक्षक कोणाच्या सहीनं पगार घ्यायचा या विवंचनेत. ज्याच्या दारात जमीन आहे, इमारत आहे, अनुदान आहे, त्याच्या दारात गटबाजी येते. म्हणून घरचीच माणसं बरी, असं त्यांना वाटतं. मला ही भीती समजते, उपाय पटत नाही. घरची माणसं संस्थापक हयात असेपर्यंतच एक असतात. तो गेला की संस्थेची जमीन वाटणीत आल्यासारखी होते आणि भावकीचं भांडण बाहेरच्या भांडणापेक्षा जास्त वर्षं चालतं. कायद्यानंही कुंपण घातलं आहे: धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विश्वस्तांना संस्थेची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, आणि विश्वस्तांच्या नातेवाइकांना वाजवीपेक्षा जास्त लाभ दिला तर आयकराची सवलत धोक्यात येते. पण कुंपण कधी कामाला येतं? आतलं कोणी तरी हाक मारतं तेव्हा. सातही जण एकाच ताटातले असतील तर हाक कोण मारणार?

बळकावण्यावरचा खरा इलाज कंटाळवाणा आहे. सभासदांची नोंदवही चालू ठेवणं, कोण सभासद होऊ शकतो ते घटनेत स्पष्ट लिहिणं, सगळ्यांची मुदत एकाच वर्षी संपणार नाही अशी ती मागेपुढे ठेवणं, प्रत्येक बदलाचा अर्ज मुदतीत टाकणं. ज्या संस्थेचे कागद चालू आहेत ती बळकावणं फार कठीण असतं. ज्या संस्थेत वीस वर्षं सभाच झालेली नाही तिथे कोणीही खोटं बुक घेऊन उभं राहू शकतो, कारण खरं बुकही खोटंच असतं.

चांगल्या मंडळाचा नमुना शोधायला मात्र मोठ्या शहरांकडे बघायची गरज नाही. ज्या खेड्यांत आमच्या बालवाड्या होत्या तिथेच दर आठवड्याला महिला बचत गटाची बैठक होते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब ही पंचसूत्री राज्याच्या उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानानं गावोगाव नेली. सतरंजीवर गोल बसायचं, आलेल्या पैशाचा आकडा मोठ्यानं वाचायचा, कोणाचा हप्ता चुकला ते तिच्या तोंडावर बोलायचं, मग सही किंवा अंगठा. ज्यांना आम्ही सक्षम करायला निघालो होतो त्या बायांचा कारभार आमच्यापेक्षा कितीतरी शिस्तीचा होता, आणि आम्ही त्यांना प्रशिक्षण देत होतो.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तर याही पुढचं. गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 ला बांबूच्या वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पण तो हक्क पेलण्याची तयारी त्याच्या कितीतरी आधीची आहे. तिथे निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. कोणाचा विरोध राहिला तर विषय पुढच्या सभेवर जातो. अभ्यास गटात बाहेरचा जाणकार येऊन बोलू शकतो, निर्णय मात्र ग्रामसभेचाच. मी हे वाचलं, ऐकलं, तेव्हा आमच्या बुकातलं ‘सर्वानुमते’ मला बोचायला लागलं. तोच शब्द. तिथे तो मिळवायला महिने लागतात, आमच्याकडे तो आधीच टाइप करून ठेवलेला असायचा.

बदल अर्ज शेवटी मंजूर झाला आणि आम्ही नवं मंडळ बसवलं तेव्हा नऊपैकी दोन जागा वसतिगृहातल्या मुलींच्या आयांना दिल्या. त्यावर कुरकुर झाली. ‘त्यांना काय कळणार बॅलन्स शीटमधलं?’ मलाही थोडी शंका होती. पहिली सभा वसतिगृहाच्या जेवणघरात घेतली, कापूस वेचणी उरकल्यावर, म्हणजे मजुरीचे दिवस ऐन भरात नसताना. तरीही त्या दोघींना एसटीचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी द्यायची असं ठरवलं. सेवा म्हणून या, असं मजुरीवर जगणाऱ्या बाईला सांगणं म्हणजे येऊ नका असं सांगण्यासारखंच आहे. मी जमाखर्च महिन्यावार मोठ्यानं वाचत होतो. किराणा, तेल, गॅस, वीज. मे महिन्याशी आलो तेव्हा त्यातली एक आई म्हणाली, ‘मे मंदी पोरी त घरी राह्यते न जी? मंग तेल कोनं खाल्लं?’

कोणी बोललं नाही. मी पुन्हा आकडा पाहिला. एप्रिलइतकंच तेल मेमध्ये होतं. चौदा वर्षं हे आकडे माझ्या हातून गेले, ऑडिटरच्या हातून गेले, आणि वसतिगृह मे महिन्यात बंद असतं ही गोष्ट त्यांच्याशेजारी कोणी ठेवून पाहिली नव्हती. चोरी नव्हती. अनुदान उशिरा यायचं, म्हणून किराणा उधारीवर चालायचा आणि दुकानदार मागची बाकी पुढच्या महिन्यांच्या बिलांत बसवून द्यायचा. म्हणजे आम्ही कायम चार महिन्यांच्या उधारीत होतो आणि मंडळाला ते माहीतच नव्हतं. त्याच बाईनं तेलाच्या डब्याचा भाव ऐकून दुसरी गोष्ट सांगितली: उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा लावलेला आहे. त्या सभेत ठरलं की वर्षाची पहिली देणगी येईल ती आधी तीन महिन्यांच्या धान्याकिराण्यासाठी बाजूला काढायची. बॅलन्स शीट न कळणाऱ्या बाईनं संस्थेचं खरं कर्ज शोधून दिलं.

इथे एक भेद सांगायला हवा, कारण जागं झालेलं मंडळ दुसऱ्या टोकालाही जातं. सदस्य रोज वसतिगृहात येऊन भाजी कोणती करायची ते सांगतो, भाचीला शिपाई म्हणून लावा म्हणतो, अधीक्षक ताईंना सगळ्यांसमोर झापतो. हे मी दोन संस्थांत पाहिलं आहे, आणि तिथून चांगली माणसं काम सोडून गेली. कारभार करायला पगारी माणसं आहेत. मंडळानं तो पाहायचा, सभेत विचारायचं, ठरवायचं आणि मग त्यांना करू द्यायचं. तेल कोणी खाल्लं हे विचारणं मंडळाचं काम आहे. फोडणीत तेल किती टाकायचं हे नाही.

आणि नेतृत्व म्हणाल, तर मला त्याची कसोटी सोडण्यात दिसते. याच मातीतल्या, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्या विश्वस्तांच्या हाती दिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. लोकांकडून मिळवलेलं लोकांच्या नावावर करून मोकळं होणं त्यांना जमलं. आपले संस्थापक आयुष्य वेचतात, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, पण साठी ओलांडल्यावर ‘माझ्या मागे कोण’ हे लेखी ठरवायला बसत नाहीत, आणि मंडळातला एकही जण त्यांना बसवत नाही. या गप्प बसण्याला आपण आदर म्हणतो.

देणाऱ्यांनाही यात वाटा उचलावा लागेल. कंपनी कायद्याच्या कलम 135 नं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, त्यातला पैसा आता खेड्यापर्यंत येतो. पण तो प्रकल्पासाठी येतो. हिशेबनिसाचा पगार, सभेचा प्रवासखर्च, वकिलाची फी यासाठी कोणी देत नाही. परदेशी निधीच्या बाबतीत तर 2020 च्या कायदादुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. उधळपट्टी थांबावी हा हेतू ठीक आहे. पण ज्या संस्थेला धड हिशेबनीस ठेवता येत नाही तिच्याकडून पारदर्शक कारभाराची अपेक्षा कशी करायची? देणगी देण्याआधी दात्यानं फोटो मागण्याऐवजी मागच्या तीन सभांची प्रोसिडिंग मागावी, परिशिष्ट एकचा उतारा मागावा आणि उताऱ्यावरच्या चार जणांना फोन करून विचारावं की शेवटची सभा कुठे झाली होती. तेवढ्यानं बरंच कळतं.

आमच्या मागच्या सभेत तिसरा विषय होता एका कंपनीनं देऊ केलेल्या संगणक खोलीचा. वकील साहेब आणि मी लगेच घ्यावी या मताचे होतो. दोघी आया आणि एक निवृत्त ग्रामसेवक म्हणाले, पोरी उन्हाळ्यात बोअर आटली की अर्ध्या किलोमीटरवरून पाण्याच्या गुंड्या वाहतात, आधी पाणी. कंपनी पाण्याला पैसे देईल की नाही ते कोणालाच माहीत नव्हतं. दीड तास बोलणं झालं, आवाज चढले, चहा थंड झाला. शेवटी मीच बुक पुढे ओढलं. त्या पानावर आठ सह्या आणि एक अंगठा आहे, तीन वेगळ्या शाईत, आणि तिसऱ्या विषयापुढे माझ्या अक्षरात लिहिलं आहे: ‘एकमत झाले नाही. पाण्यासाठी मदत मिळेल काय, याची कंपनीकडे लेखी विचारणा करावी. विषय पुढील सभेत घ्यावा.’